तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

आमच्या आळीत पहिल्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्यांदा विचारल्यावर 'हो' म्हणणारा उतावळा. आणि तिसऱ्यांदा विचारल्यावर मान वाकडी करून, 'बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर अर्धा कप,' असं म्हणणारा, तो खानदानी. त्याला खरोखरच अर्धा कप दिला तर देणारा कवडीचुंबक. हे नियम कुठे लिहून ठेवलेले नव्हते, पण राहात्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा ते पाढ्यांआधी पाठ होत. माझे वडील, म्हणजे नाना, या खेळातले वस्ताद. लग्नाच्या पंगतीत जिलबीवाला आला की नाना दोन्ही हात पानावर आडवे धरत, 'अहो नको, खरंच नको' म्हणत, पण बोटं अशी फाकवलेली असत की दोन जिलब्या त्यातून आरामात खाली उतराव्यात. आईला बघायला गेले तेव्हा पसंती विचारली, तर म्हणाले होते, 'माझं काय आहे त्यात, मोठी माणसं ठरवतील.' मोठ्या माणसांनी ठरवायला महिना घेतला आणि नानांचं वजन उतरलं, असं आई सांगायची. ती जरा तिखटमीठ लावत असे, हे धरूनही गोष्ट खरी असणार.

नाना नगरच्या एका शाळेत गणित शिकवत. सोमवारी पहाटेच्या एसटीनं जायचे आणि शनिवारी दुपारी परत यायचे, त्यामुळे मला वडील हे रविवारचे पाहुणे वाटत. अशा माणसाला झांबियातल्या एका सरकारी शाळेत तीन वर्षांच्या करारावर नोकरी मिळाली, आणि बायको-मुलीलाही नेता येणार होतं. त्या काळी तिकडे गणित-विज्ञानाचे मास्तर कमी आणि आपल्याकडे मास्तर उदंड. नानांनी अर्ज कसा केला, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. कदाचित अर्जात आग्रह करायला समोर कोणी नसतं म्हणून जमलं असेल.

नातेवाइकांनी आमचं जे काही करून ठेवलं ते विचारू नका. आमच्या आत्याचे यजमान, ज्यांचा स्वतःचा रंग पोळ्या भाजून भाजून करपलेल्या तव्याला लाजवेल असा, ते नानांना गंभीरपणे म्हणाले, 'काळ्या लोकांत पोरीला नेताय, विचार करा.' त्यांच्या घरात आरसा होता, मी स्वतः बघितलेला आहे. शेजारच्या पेरूच्या बागेतली सखूबाई डोक्यावरची पाटी खाली ठेवून आईला म्हणाली, 'बाई, तिकडं मान्सं मान्साला खात्यात म्हनं, खरं हाय का वो? आन् शिव्ह तर दारात बसत्यात. पोर न्हानी हाय, नगा नेऊ.' तीन वर्षांत मला एकही सिंह दिसला नाही. दाराशी आली ती फक्त ठिपक्याठिपक्यांची रानकोंबडी, आणि तीही आईनं वाळत घातलेल्या पापडांसाठी. आणि आज, हे लिहीत बसले आहे त्या खिडकीतून दिसणाऱ्या उसात मागच्याच आठवड्यात बिबट्या निघाला. सखूबाईच्या नातवानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला. तरीसुद्धा हाच नातू मला विचारतो, 'आज्जे, आफ्रिकेत लई डेंजर असंल न्हाई?'

आता शिर्डीला विमानतळ झालाय आणि लोक दर्शन घेऊन दुपारच्या जेवणाला घरी जातात. आम्ही एसटीनं मुंबईला गेलो, आईच्या मांडीवर लोणच्याची बरणी. लुसाकाच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं आमची ट्रंक उघडली, हिंगाची डबी नाकाशी नेली आणि तो दोन पावलं मागे सरला. नानांना वाटलं आता सगळं जप्त होणार. त्या भल्या माणसानं डबी बंद केली, दोन्ही हातांनी आईला परत दिली आणि आमच्याकडे फार करुणेनं बघितलं. ही माणसं काय खाऊन जगतात, असं त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं.

आमचं तिकडचं गाव रेल्वेच्या मार्गावर होतं. एक बाजार, एक चर्च, एक शाळा आणि मालगाडी. मास्तरांसाठी बांधलेल्या घरांपैकी एक आम्हाला मिळालं. सिमेंटची जमीन, तिला दर शनिवारी लाल पॉलिश लावायचं आणि मग त्यावरून घसरून पडायचं. मागे आंब्याचं आणि पेरूचं झाड. पेरू बघून नानांना भरून आलं. 'राहात्याची चव नाही हो,' असं म्हणत त्यांनी तिथेच उभ्या उभ्या पाच खाल्ले. त्या घरात आम्ही तिघं पहिल्यांदाच आठवड्याचे सातही दिवस एकत्र राहिलो. नाना सकाळी दाढी करताना गुणगुणतात, हे मला तेरा वर्षांची झाल्यावर कळलं. बाहेर दोघी-तिघी बायका एकाच उखळात आळीपाळीनं मुसळ घालून मका कांडत, त्याचा ठेका चुकत नसे, आणि त्या ठेक्यावर नानांचं गुणगुणणं हमखास बेताल होई. होले पक्षी तिथेही घुमत. रविवारी चर्चमधून चार-चार आवाजांत गाणं यायचं. आई पोळ्या लाटायची थांबून ऐकायची आणि मग म्हणायची, 'आपल्या आरतीत एवढे सूर जुळले असते तर देव कधीच पावला असता.'

जेवणाचं म्हणाल तर आईनं पहिल्या महिन्यातच शोध लावला की ही मंडळी आपलंच जेवतात, फक्त फोडणी घालायला विसरतात. भोपळ्याच्या पानांची भाजी, तीत दाण्याचं कूट. 'अगं, ही तर आपली पालेभाजी! हिला कुणीतरी लसूण-मिरची दाखवा.' मक्याच्या पिठाचा घट्ट उकडलेला गोळा म्हणजे न्सिमा. तो हातानं तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. भोपळ्यात मुरवलेलं घट्ट आंबट दूध म्हणजे माबिसी. न्सिमा आणि माबिसी पहिल्यांदा खाल्लं तेव्हा नानांनी मानच वर केली नाही. ज्वारीच्या कण्या आणि ताक खात वाढलेला माणूस तो, इतक्या लांब येऊन त्याला त्याचं बालपण वाडग्यात मिळालं. ज्वारीसुद्धा तिथे पिकायची, पण ते लोक तिची दारू करायचे. आईला हा ज्वारीचा अपमान वाटे. नानांना तसं नक्की वाटे की नाही, मला शंका आहे.

पहिल्याच आठवड्यात हेडमास्तरांच्या बायको, मिसेस म्वेंबा, भेटायला आल्या. उंच, संथ बाई, कमरेला रंगीत कापड गुंडाळलेलं. त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी चिपो, माझ्याच वयाची. दोघींनी मिळून टोपलीभर भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या. बाईंनी गुडघे किंचित वाकवून दोन्ही हातांनी टोपली पुढे केली. आईनं आपल्या वळणाप्रमाणे दोन्ही हात हलवले, 'नो, नो, कशाला, नो.' बाईंनी तिच्याकडे बघितलं, टोपली मागे घेतली, चार गोष्टी बोलल्या आणि शेंगांसकट निघून गेल्या. आई दारात खांबासारखी उभी. 'परत नेल्या गं! सगळ्या परत नेल्या!' दोन दिवस तिला दुसरं काही सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी चिपोनं मला शाळेत सरळ विचारलं, 'तुझी आई आमच्यावर रागावली आहे का? आईनं हातानं उपटलेल्या शेंगा होत्या.' तेव्हा उलगडलं. तिथे कुणी दोन हातांनी काही पुढे केलं तर तुम्ही दोन हातांनी घ्यायचं. नको म्हणालात, तर एक तर तुम्हाला खरंच नको, नाहीतर तुम्हाला देणारा नको. तिसरा अर्थ त्यांच्याकडे नव्हता. आईनं हे एका दिवसात शिकून घेतलं, म्वेंबांच्या घरी जाऊन शेंगा मागून आणल्या आणि त्यांची चटणी करून अर्धी परत नेऊन दिली. मीही शिकले, असं मला वाटत होतं. नानांना आईनं समजावलं, तर ते म्हणाले, 'जगात कुठेही जा, सभ्यता ती सभ्यताच.' पालथ्या घड्यावर पाणी.

चिपो आणि मी एका बाकावर बसायचो. राहात्याच्या शाळेत प्रयोगशाळा म्हणजे कुलूप लावलेलं एक कपाट. आत सापळा आहे असं म्हणत, तो कुणी पाहिलेला नव्हता. इथे मी पहिल्या वर्षीच स्वतःच्या हातानं बेडूक कापला. चिपोनं तोंड फिरवलं आणि मी, पालीला बघून पाटावर चढणारी मी, त्याचं धडधडणारं हृदय बघत उभी राहिले. आमच्या विज्ञानाच्या बाई म्हणाल्या, 'हात थरथरत नाही तुझा. डॉक्टर हो.' झालं, मी डॉक्टर झालेच! पुढची दोन वर्षं मी दुसरा विचार केला नाही. शाळेचं एक शेवटचं वर्ष, मग मोठी परीक्षा, मग लुसाका, असा माझा सगळा हिशेब. नानांनाही ते ठाऊक होतं आणि ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत फिरत. फक्त एकच मेख होती. नानांचा करार संपत होता डिसेंबरात आणि माझं शेवटचं वर्ष सुरू होत होतं जानेवारीत. करार वाढला तर मी परीक्षेला बसणार, नाही वाढला तर चंबूगबाळं आवरून राहाता.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी म्वेंबासरांनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं. कशासाठी ते चिपोनं मला आधीच कानात सांगितलेलं होतं. गणित विभागाचे प्रमुख जाणार होते, ती जागा सर नानांना देणार होते, म्हणजे आणखी दोन वर्षं. मी आईला सांगितलं, आईनं नानांना सांगितलं, आणि नाना सकाळपासून दोनदा दाढी करून बसले. आई वाटेत तीनदा म्हणाली, 'अहो, विचारलं की हो म्हणायचं. तिथल्या तिथे. कळलं?' नाना म्हणाले, 'मी काय कुकुलं बाळ आहे?'

चिपोनं गुडघ्यावर बसून आमच्या हातांवर पाणी घातलं. आम्ही मांस खात नाही हे त्यांना आता माहीत होतं. पहिल्या खेपेला 'सगळेच आजारी आहात का?' असं विचारलं होतं त्यांनी. त्या दिवशी माबिसी, भोपळ्याची पानं, घेवडा असं सगळं खास आमच्यासाठी होतं. जेवण झालं, पुन्हा हात धुतले, आणि म्वेंबासर उठून उभे राहिले. ठेंगणे, जाड चष्म्याचे, शाळेत ज्यांचा आवाज तीन वर्गांपलीकडे जाई असे ते सर त्या दिवशी अगदी हळू बोलले. म्हणाले, 'मिस्टर कुलकर्णी, तुम्ही आल्यापासून आमची मुलं गणिताला घाबरत नाहीत. विभाग तुम्ही सांभाळावा अशी माझी इच्छा आहे. शुक्रवारपर्यंत मला वर कळवायचं आहे. तुम्ही राहाल का?'

आईनं टेबलाखालून नानांच्या पायावर पाय दिला. नाना उठले, त्यांनी हात जोडले, मान वाकडी केली, आणि माझ्या बापानं तोंड उघडलं. 'छे छे सर, मी कसला त्या लायकीचा! माझ्यापेक्षा तरुण माणसं आहेत. मला आता घरचीही ओढ लागली आहे. तुम्ही दुसरं कुणी बघा.' एवढं म्हणून ते छताकडे बघत उभे राहिले. मला ती उभं राहायची पद्धत पाठ होती. पंगतीत जिलबीवाला पुढच्या पानावरून मागे वळायची वाट बघताना ते असेच दिसायचे.

कुणी मागे वळलं नाही. म्वेंबासरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. 'वाईट वाटलं,' ते म्हणाले, 'पण माणसाला घरची ओढ असते. मी समजू शकतो.' त्यांनी तळहात एकमेकांवर हलकेच दोनदा वाजवले, तिथली ती मान देण्याची रीत, आणि खाली बसले. विषय संपला. चिपो माझ्याकडे डोळे फाडून बघत होती. मिसेस म्वेंबांनी आईकडे एकदाच पाहिलं आणि भांडी उचलली.

घरी येऊन दार लागल्यावर आई जी सुटली ती सुटली. 'दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच! अहो, ताटात वाढलेलं लाथाडलंत तुम्ही! पोरीचं वर्ष गेलं!' नाना शांतपणे कोट काढत म्हणाले, 'अगं, एकदा विचारलं की लगेच झेप घालायची का? मोठा माणूस आहे तो. उद्या पुन्हा विचारील. परवा विचारील. एवढं कळत नाही तुला?' सोमवारी नाना शाळेतून उशिरा आले, हेडमास्तरांच्या खोलीसमोर उगाच रेंगाळून. मंगळवारी म्वेंबासरांना वाटेत गाठून त्यांनी हवेवर दहा मिनिटं काढली. बुधवारी स्वतःहून म्हणाले, 'विभागाला माणूस मिळाला का हो?' सर म्हणाले, 'शोधतोय. तुम्ही काळजी करू नका, तुम्ही सुखानं घरी जा.' ते ऐकून आलेले नाना खुर्चीत बसले आणि पेरूच्या झाडाकडे बघत राहिले. 'मग सांगा ना तोंडानं!' आई ओरडली. 'आता कुठल्या तोंडानं सांगू? आधी नको म्हणालो, आता हो म्हणू? काय म्हणतील ते?' अब्रू जायची भीती. मुलगी गेली चुलीत.

मी सोळा वर्षांची होते आणि माझं डोकं फिरलेलं होतं. गुरुवारी दुपारी शाळा सुटल्यावर मी कुणाला न सांगता म्वेंबांच्या घरी गेले. वाटेत वाक्य घोकत होते. नानांना राहायचं आहे. आमच्याकडे नाही म्हणजे नाही नसतं. मला परीक्षेला बसायचं आहे. तीन वाक्यं, इंग्रजीत, व्याकरणासकट. म्वेंबासर घरी नव्हते. अंगणात मिसेस म्वेंबा आणि चिपो मका निवडत होत्या. मी उभ्या उभ्या तिन्ही वाक्यं बोलून टाकली, आणि मग मला लाजेनं रडू आलं.

बाईंनी मला शेजारी बसवलं. सगळं ऐकून त्या आधी हसल्या नाहीत, मग थोड्या हसल्या, मग पुन्हा गंभीर झाल्या. 'पोरी, कालच माणूस ठरला. पत्र गेलं. त्या माणसाला आता कसं सांगायचं?' मी मान खाली घातली. तेव्हा त्यांनी हात पदराला पुसावेत तसे कमरेच्या कापडाला पुसले आणि म्हणाल्या, 'पण तू राहू शकतेस. चिपो चार दिवस माझ्या मागे लागली आहे. तिच्या खोलीत दुसरी खाट बसते, मी मोजून बघितलं. एक वर्ष आमच्या घरी राहा, परीक्षा दे, मग जा. तुझ्या आईशी मी बोलेन, ती शहाणी आहे, ती हो म्हणेल. सरांनाही विचारलं आहे मी. तुला राहायचं आहे का?'

चिपो मक्याचे दाणे तसेच हातात धरून माझ्याकडे बघत होती. आख्ख्या आयुष्यात मला कुणी इतकं सरळ, इतकं माझं स्वतःचं काही विचारलं नव्हतं. राहायचं होतं हो मला! त्या खाटेवर मी मनानं जाऊन झोपलेसुद्धा होते. आणि माझं तोंड, राहात्यात वाढलेलं, चार माणसांत बरं दिसेल असंच बोलायला शिकलेलं माझं तोंड, गोड हसून म्हणालं, 'नको नको, तुम्हाला कशाला त्रास! तुमच्या घरी आधीच एवढी माणसं आहेत. मी जाते आई-वडिलांबरोबर.'

म्हणाले, आणि थांबले. दुसऱ्यांदा विचारतील म्हणून थांबले. हे मी शपथेवर सांगते. चार दिवस बापाच्या नावानं बोटं मोडून आलेली मी, खाली बघत, थांबले.

मिसेस म्वेंबांनी मान डोलावली. 'बरं,' त्या म्हणाल्या. 'मुलीनं आईजवळच राहावं, तेही खरं.' आणि त्यांनी सूप पुन्हा हातात घेतलं. चिपो उठली. हातातले दाणे तिनं सुपात टाकले आणि मला म्हणाली, 'आमचं घर तुला चालत नाही, असं सरळ सांगायचं होतंस.' मी 'तसं नाही गं' म्हणेपर्यंत ती आत गेली होती. मी तरी मागून आत जायला हवं होतं. पण बोलावल्याशिवाय आत कसं जायचं, असं मला वाटलं! घरी आले तर आईनं विचारलं, 'कुठे होतीस?' मी म्हणाले, 'चिपोला वही द्यायला गेले होते.' डिसेंबरात आम्ही निघालो तेव्हा स्टेशनवर म्वेंबासर आले, बाई आल्या, शाळेतली मुलं आली. चिपो आली नाही.

राहात्याला परत आल्यावर तिथलं शिक्षण इथे धरेनात. मला दहावीत बसवलं, माझ्यापेक्षा लहान मुलींमध्ये. कपाटाला तेच कुलूप होतं. पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडकंच आहे. कला शाखा, मग डी.एड., मग स्थळं. एका स्थळाच्या आईनं माझा हात उजेडात धरून विचारलं, 'तिकडे राहून रंग काळवंडला का हिचा?' मी शेवटी राहात्याच्याच शाळेत भूगोल शिकवला. आफ्रिकेचा नकाशा मी फळ्यावर खडू न उचलता काढायचे, आणि मुलं टाळ्या वाजवायची.

आणि मी नानांना सोडलं नाही. त्या एका 'नको'वरून मी त्यांना जे टोमणे मारले, त्याला गणती नाही. जेवताना आईनं भाजी पुढे केली की मी म्हणायचे, 'नानांना तीनदा विचार गं, नाहीतर उपाशी उठतील.' पाहुण्यांसमोर म्हणायचे. लग्नानंतर नवऱ्यासमोर म्हणायचे. दर परीक्षेच्या निकालाला, दर डॉक्टरांच्या पाटीखालून जाताना म्हणायचे. नाना हसायचे आणि मान वाकडी करायचे. आईला वाटे, पोरीचं खरंच नुकसान झालंय, बोलू दे. गुरुवारची गोष्ट मी दोघांनाही कधी सांगितली नाही.

नाना शेवटच्या आजारात नगरच्या दवाखान्यात होते. दुपारची वेळ, मी एकटीच शेजारी, संत्रं सोलत बसलेली. त्यांनी माझा हात धरला. आवाज अगदी बारीक झाला होता. म्हणाले, 'मंदे, तुझं डॉक्टर व्हायचं माझ्यामुळे राहिलं. फार मोठा अपराध झाला माझ्या हातून. मला माफ कर.'

सांगायचं ते सगळं ओठांवर तयार होतं. नाना, तुमच्यानंतर चार दिवसांनी मलाही विचारलं होतं. मला खाट मोजून ठेवली होती. एवढं बोलले असते तरी पुरलं असतं, ते हलके होऊन गेले असते, कदाचित हसलेही असते. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हणाले, 'केलं हो नाना, माफ केलं.' त्यांनी डोळे मिटले. आयुष्यात एकच गोष्ट मी पहिल्या खेपेला घेतली, आणि ती माझी नव्हती.